उधन्याच्या मागावरचे सण

सुरतेच्या उधना भागातल्या यंत्रमाग कारखान्यात कामगाराला खूश करण्याचे दिवस ठरलेले आहेत: दसऱ्याची यंत्रपूजा, दिवाळीच्या तोंडावरचा बोनस आणि कार्तिक शुद्ध पंचमीचा, म्हणजे लाभपांचमीचा मुहूर्त. कर्मचाऱ्यांचे मनोबल, संघभावना, कामातला आनंद अशी नावे व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी ज्या गोष्टींना अलीकडे दिली, त्या इथे आधीपासून पंचांगात बसवलेल्या होत्या. मात्र हे तीन दिवस कारखान्याच्या दाराआतले. गणपती, दहीहंडी, कानबाई, शिवजयंती, आंबेडकर जयंती, भजन, पायी दिंडी हा वर्षभराचा बाकी सगळा उत्साह दाराबाहेर, गल्लीत उभा राहिला आणि तो कामगारांनी स्वतः उभा केला. शेठचा वाटा वर्गणीपुरता. उधन्यातल्या कामगार-आनंदाचा इतिहास म्हणजे या आतल्या आणि बाहेरच्या सणांचा इतिहास होय.

उधना हे मूळचे चोऱ्यासी तालुक्यातले गाव. मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग त्याच्या अंगावरून गेला आणि 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे खानदेशातून येऊन तिथे मिळाली. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीच्या व्यवस्थापनाखालची ही रेल्वे. अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, मग सोनगड, व्यारा, बारडोली आणि शेवटी उधना. यातले सोनगड हे बडोद्याच्या गायकवाडांचे पहिले ठाणे, तेव्हा मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नव्हता. मार्ग बांधला गेला तो कापूस आणि धान्य वाहण्यासाठी. माणसे वाहण्याचे काम त्याने पुढे केले. 1 मे 1960 ला दोन राज्ये झाली तेव्हा नवापूर स्थानकाच्या मधूनच सीमा गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. गाडीत बसलेल्या माणसाला त्याचे काही वाटले नाही. धुळे-जळगावच्या कोरडवाहू गावातून रात्री निघावे आणि सकाळी उधन्याला उतरून ओळखीच्या माणसाच्या खोलीवर पिशवी टेकवावी, हा क्रम राज्य बदलल्याने मोडला नाही.

स्वातंत्र्यानंतर उधन्याला सहकारी तत्त्वावर उद्योगनगर उभे राहिले. बडोद्याच्या गायकवाड घराण्याशी नाते असलेल्या बडोदा रेयॉन कॉर्पोरेशनचा कृत्रिम रेशमाच्या धाग्याचा कारखानाही इथलाच. तो बंद पडून वर्षे लोटली तरी रिक्षावाले त्या भागाला अजून 'बीआरसी' म्हणतात. पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या पांडेसरा आणि सचिन या वसाहती झाल्या. सुरतेत जरी आणि रेशमाचा धंदा पिढीजात होता; त्याच्या जागी आधी रेयॉन, मग नायलॉन आणि पॉलिएस्टर आले, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कापडाचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत अशा यंत्रमाग गावांकडे आणखी सरकले. 1961 च्या जनगणनेत 2.88 लाख वस्तीची सुरत 2011 मध्ये 44.67 लाखांवर पोचली. या वाढीत उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसरा हा पट्टा इतका खानदेशी झाला की तिथे दुकानदाराशी गुजरातीइतकीच अहिराणी चालते, आणि महापालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग आहेत.

खानदेशातून आलेल्या या माणसाला मालक-चाकर नात्यातला सण नवा नव्हता. गावाकडे सालदाराची, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याची, पद्धत होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सालदाराचे साल संपे आणि नवे ठरे. धान्य किती, रोकड किती, कपडे किती, हे त्या दिवशी बोलून घ्यायचे. आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचे झोके, पुरणपोळी, आमरस आणि एरवी वर्ज्य असलेला पत्त्यांचा डाव. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही या सणाला स्वतंत्र जागा आहे. म्हणजे वर्षाचा करार आणि वर्षातली सगळ्यात मोठी मौज एकाच दिवशी. हा योगायोग नसावा. कामाच्या गणिताला गोडधोडाची जोड दिली की घासाघीस करताना आवाज चढत नाही, हे पाटलाला ठाऊक होते आणि सालदारालाही.

दुसरा दिवस पोळ्याचा. श्रावण अमावास्येला बैल धुवायचे, शिंगे रंगवायची, मानेवर जू ठेवायचे नाही, पुरणपोळी आधी बैलाला. त्या दिवशी बैलाचा मान सालदाराच्या हातात असे. बैल मिरवायला तोच नेई, नवे कपडे त्यालाही मिळत. वर्षभर ज्याच्या जिवावर शेती चालते त्याला एक दिवस विसावा, अंघोळ, शृंगार आणि गोड जेवण हा विचार पोळ्याच्या मुळाशी आहे. उधन्यात दसऱ्याला मागाला हार घालणारा खानदेशी कारागीर हाच विचार लोखंडाला लावत होता.

शेत आणि उधना यांच्यामध्ये गिरणीचाही एक टप्पा आहे. अमळनेरला मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रताप मिल काढली. गिरणीच्या पैशातून त्यांनी शाळा आणि तत्त्वज्ञान मंदिर उभारले. साने गुरुजी त्याच गावात शिक्षक होते आणि पुढे खानदेशातल्या गिरणी कामगारांच्या लढ्यातही उतरले. जळगाव, धुळे, अमळनेर या गिरण्यांनी भोंग्याच्या तालावर जगणारी खानदेशी माणसे तयार केली. त्या गिरण्या थकल्या, बंद पडल्या. मागाचे काम हाताला ठाऊक असलेल्या माणसाला तापी मार्गाच्या दुसऱ्या टोकाला माग होते.

कामगाराच्या सुट्टीचा आणि करमणुकीचा मराठी इतिहास मात्र मुंबईत घडला. 1890 पर्यंत मुंबईच्या गिरण्यांना आठवड्याची ठरावीक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली आणि मागताना कारण दिले ते खंडोबाचे: रविवार हा मराठी कामगाराच्या कुलदैवताचा वार, तो मोकळा हवा. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि 10 जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज जी सुट्टी इंग्रजांची देणगी म्हणून खपते ती जेजुरीच्या देवाच्या नावावर मिळालेली आहे. पुढे गिरणगावात गावकीच्या खोल्या, खानावळी, तालमी, भजनी मंडळे, लेझीम पथके आणि सार्वजनिक गणपती यांचे जाळे विणले गेले. 1953 च्या कामगार कल्याण निधी कायद्याने मुंबई राज्यात सरकारी कल्याण मंडळाची वाट केली. नाट्यस्पर्धा, क्रीडा, वाचनालय, शिवणवर्ग हे त्याचे काम. राज्य विभागल्यावर महाराष्ट्राचे एक आणि गुजरातचे एक, अशी मंडळेही दोन झाली. त्यांचा निधी नोंदलेल्या आस्थापनांकडून येतो. उधन्याचा प्रश्न या 'नोंदलेल्या' शब्दापाशी सुरू होतो.

1948 च्या कारखाने कायद्यात कामगार कल्याणाच्या पायऱ्या माणसांच्या संख्येवर बांधल्या होत्या. दीडशेहून अधिक कामगार असतील तर विश्रांतीची खोली, अडीचशेहून अधिक असतील तर उपाहारगृह, पाचशे झाले की कल्याण अधिकारी. मोठ्या कारखान्याला यातून सुटका नसे. उधन्याचा खरा चेहरा मात्र 'खाते' आहे. खाते म्हणजे पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या छपराखालचे डझन-दोन डझन माग. एका गाळ्यात एक नाव, शेजारच्या गाळ्यात दुसरे, वरच्या मजल्यावर तिसरे. कुटुंब एकच असले तरी कागद वेगळे. अशा खात्याला कल्याण अधिकारी लागत नाही, उपाहारगृह लागत नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1960 च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या कष्टकऱ्यांचा अभ्यास करत आले. 1996 च्या 'फूटलूज लेबर' या त्यांच्या ग्रंथात सुरतेचा हा विखुरलेला, कागदावर न दिसणारा कामगार तपशिलाने आलेला आहे.

कामाची रीतही सोबतीला मारक. पाळी बारा तासांची, सकाळी सातला एक सुटते, एक लागते. एक कारागीर आठ-दहा माग एकटा बघतो आणि पैसे मीटरवर मिळतात. कापडात खोट निघाली की 'डॅमेज' त्याच्या हिशेबातून कापले जाते. शेजारच्या मागावरच्या माणसाला हात दिला तर स्वतःचे मीटर कमी होतात. आवाज असा की शेजारी ओरडले तरी ऐकू येऊ नये. म्हणून बोटांची भाषा तयार झाली. तोंडाशी अंगठा म्हणजे पाणी, तर्जनी वर फिरवली की बीम संपत आला, टाळी वाजवून मास्टरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे, बोट केले की माग अडकला. चहा येतो तेव्हाही दोघे एकदम माग सोडत नाहीत. बारा तास एका छपराखाली राहूनही माणसे एकमेकांशी बोलतात ती पाळी सुटल्यावर, टपरीवर.

याच राज्यात, उधन्यापासून अडीचशे किलोमीटरवर, नेमका उलटा प्रयोग झालेला आहे. 1953 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. राइस यांना दिसले की प्रत्येक कामगाराला एकेक तुकडा वाटून दिला आहे: कोणी धागा जोडतो, कोणी बॉबिन भरतो, कोणी तेल घालतो, पण ठरावीक मागांची जबाबदारी अशी कोणाचीच नाही. त्यांनी छोट्या गटांची कल्पना मांडली. ती कामगारांनी हातोहात उचलली आणि कोण कोणाच्या गटात हेही स्वतःच ठरवले. सुमारे सात जणांचा एक गट आणि त्याच्याकडे मागांचा एक संच. घडी बसल्यावर उत्पादन वाढले, खराब कापड घटले. 1958 मध्ये राइस यांचे पुस्तक आले आणि 'अहमदाबाद प्रयोग' जगभरच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात गेला. या प्रयोगात सहल नव्हती, खेळ नव्हते, पार्टी नव्हती. सोबत कामातच घातलेली होती. सुरतेच्या खात्यांनी तिकडे पाहिले नाही. मीटरवर मजुरी असेल तर देखरेखीचा खर्च वाचतो आणि तोटा कारागिराच्या गळ्यात टाकता येतो. गट केला तर हा हिशेबच मोडतो. म्हणून खात्यातली सोबत वर्षातून एका सकाळपुरती राहिली.

ती सकाळ दसऱ्याची. आदल्या दिवशी माग थांबवून साफसफाई होते. उधन्याला सुती कापड थोडे, त्यामुळे मालेगावसारखी रुई उडत नाही. इथे जमते ती तेलाची काळी, चिकट राप. रॉकेलच्या बोळ्याने ती खरवडून काढतात, फणी पुसतात, पट्टे तपासतात. सकाळी मुख्य स्विच बंदच ठेवलेला असतो. मोटरीवर कुंकवाचे स्वस्तिक, प्रत्येक मागाला झेंडूची माळ, पाट मांडून त्यावर पाना, कैची, स्क्रूड्रायव्हर आणि असेल तर एखादा जुना लाकडी धोटा. उंबऱ्याशी नारळ फुटतो. शेठ घरच्यांना घेऊन येतो. एरवी हिशेबाच्या खिडकीतून दिसणारा माणूस त्या दिवशी मागांच्या मधल्या बोळातून चालतो. गुजरातच्या रिवाजाप्रमाणे फाफडा-जलेबी वाटली जाते, खानदेशी कारागीर शेठच्या हातावर आपट्याची पाने ठेवतो, आणि शेठही ती घेऊन डोक्याला लावतो. त्या तासाभरात खात्यात माणसांचा आवाज ऐकू येतो. कोणाचा आवाज घोगरा, कोण तोतरे बोलतो, हे वर्ष-वर्ष शेजारी काम केलेल्यांना कधी कधी दसऱ्यालाच कळते.

दिवाळीची गोष्ट रोकडीची. मराठीत नोकराचाकराला दिवाळीला देतात ती 'पोस्त', गुजरातीत 'बोणी'. दोन्ही शब्दांत देणाऱ्याची मर्जी आहे. बोनस हा त्याचाच कायद्यात शिरलेला भाऊबंद. मुंबईच्या गिरण्यांनी पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातून 1917 पासून युद्धबोनस दिला, तो पुढे वार्षिक झाला. मालकांनी 1923 चा बोनस नाकारला तेव्हा 1924 च्या आरंभी गिरण्या ठप्प झाल्या. संप फसला, पण बोनस ही कृपा की हक्काचा पगार, हा वाद तिथून पेटला. अहमदाबादेत 1917 मध्ये प्लेगने शहर रिकामे होऊ लागले तेव्हा मालकांनी कामगार टिकावा म्हणून 'प्लेग बोनस' दिला. काही जणांना तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळाला. साथ ओसरताच तो काढून घेतला गेला आणि त्यातून 1918 चा गांधीजींचा प्रसिद्ध लढा उभा राहिला. मालकांच्या बाजूने अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूने त्यांची बहीण अनसूयाबेन. भाऊबीज करणाऱ्या घरात असा पेच क्वचितच पडला असेल. अखेर 1965 च्या कायद्याने कारखान्यांत आणि वीस किंवा अधिक माणसांच्या इतर आस्थापनांत बोनस बंधनकारक झाला. आज किमान 8.33 टक्के, म्हणजे महिन्याचा पगार, आणि कमाल 20 टक्के. पुन्हा तोच उंबरठा: माणसांची संख्या.

खात्यातला बोनस म्हणून कायद्यापेक्षा रिवाजावर चालतो. वर्षभर कारागीर 'खर्ची' उचलतो, म्हणजे पगाराआधीची लहान-लहान उचल. दिवाळीला ती वळती होते आणि उरलेली रक्कम, वर ठरलेला बोनस, मिठाईचा पुडा हातात पडतो. मग सुरत बंद होते. हिरे बाजार, कापड बाजार, माग सगळे थांबते आणि उधना स्थानकाच्या फलाटावर भुसावळकडच्या गाड्यांसाठी पाय ठेवायला जागा नसते. शेठची खरी परीक्षा यानंतर: गेलेला माणूस परत येईल का, आणि येईल तर याच खात्यात का? थोडा हिशेब मागे ठेवणे हा एक उपाय, परतीची उचल हा दुसरा, गोड बोलणे तिसरा. लाभपांचमीला मुहूर्ताचे माग चालवतात, पेढे वाटतात, चार वार कापड विणतात आणि मास्टर हजर माणसे मोजतो. दिवाळीची मौज शेठला कितीला पडली आणि फळली का, हे त्या मोजणीत कळते. कामगाराच्या आनंदावर केलेला खर्च हजेरीत वसूल व्हावा, हे इथे कोणी लपवत नाही. मोठ्या कंपन्यांची सुबक भाषा बाजूला केली तर तिथेही वेगळे काही निघणार नाही.

माणूस परत येणे किती महत्त्वाचे, ते सप्टेंबर 1994 मध्ये दिसले. गणेश विसर्जनाला काही दिवसच झाले होते. प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. माग उभे राहिले ते विजेअभावी किंवा सुताअभावी नव्हे, माणसांअभावी. मार्च 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा तेच: कामगार रस्त्यावर आले आणि एकच मागणी होती, घरी जाऊ द्या.

दाराबाहेरची कहाणी खोलीपासून सुरू होते. एका खोलीत एका गावची सहा-आठ माणसे. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच सतरंजीवर. कुटुंबे आली तेव्हा गल्ल्या झाल्या, आणि गल्ली झाली की मंडळ होतेच. सुरतेचा गणेशोत्सव आज गुजरातेत सर्वांत मोठा मानतात. त्यात मराठी वस्तीचा वाटा उघड आहे. वर्गणीची पावती घेऊन मंडळाची पोरे खात्याच्या दारात जातात तेव्हा शेठ आणि कारागीर यांचे नाते थोडा वेळ उलटते: मागणारा ताठ असतो, देणारा हसून देतो. न देऊन चालत नाही, कारण त्याच पोरांचे बाप आणि भाऊ मागावर आहेत. काही शेठ आरतीला येतात, नारळ वाढवतात, गर्दीत उभे राहून मोदक खातात. दहा दिवस रातपाळीची आरती वेगळी, दिवसपाळीची वेगळी, अशी वाटणी मंडळाला करावीच लागते. विसर्जन आता तापीत होत नाही. बहुतेक महापालिकेच्या कृत्रिम तलावांत होते.

दहीहंडी हा तर शब्दशः मनोरा. भागळ चौकातल्या मानाच्या हंडीला लिंबायत, उधना, डिंडोलीची गोविंदा पथके उतरतात. तळाला जड अंगाचे, खांद्याला खांदा लावून, हात एकमेकांच्या पाठीवर, वर हलके, टोकाला पोरगा. खालच्याने वर बघायचे नाही, हा पहिला नियम, कारण मान वर गेली की खांदा ढळतो. सराव रात्री, पाळी सुटल्यावर. मीटरसाठी एकेकटा राबणारा कारागीर इथे दुसऱ्याच्या पायाखाली खांदा देतो. व्यवस्थापनातल्या सल्लागारांनी माणसांना एकमेकांवर विसंबायला शिकवण्यासाठी जे खेळ रचले, त्यांपैकी एकालाही हे जमलेले नाही. मात्र यातल्या पडझडीत हात-पाय मोडला तर खाडा कारागिराचाच धरला जातो, हेही तितकेच खरे.

खानदेशी वस्तीची खरी ओळख मात्र कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून, साडी-दागिन्यांनी सजवून ती चौरंगावर मांडतात. रात्रभर अहिराणी गाणी, फुगड्या. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिच्या प्रसादाला 'रोट' म्हणतात. घरातल्या माणसांच्या संख्येवर मुठी मोजून गहू घ्यायचा, सव्वा मुठीचे माप, वेगळा दळायचा, आणि त्याच्या पुरणाच्या पोळ्या करून त्या भाऊबंदांनीच खायच्या. जो गावी नाही त्याचीही मूठ धरली जाते. म्हणून रोटाला माणूस घरी लागतो. पूर्वी या रविवारी उधन्याचे माग ओस पडत. कारागीर शनिवारी रात्रीची गाडी धरून अमळनेर-पारोळ्याकडे निघे. गल्ल्या स्थिरावल्या तशी कानबाईच उधन्याला आली. भाऊबंद एकाच वस्तीत, म्हणून रोटही तिथेच. शेठच्या दृष्टीने हा मोठा फायदा, तीन दिवसांचा खाडा एका दिवसावर आला. त्याने त्यासाठी काही केले नव्हते. काम टिकवणारी गोष्ट कारखान्यात आखली जाते हा समज इथे सपशेल खोटा ठरतो.

कानबाईच्या गाण्यांत पुढे असतात त्या बायका. त्यांचे काम घरीच: साडीला लेस लावणे, टिकल्या-खडे चिकटवणे, निघालेले धागे कापणे. बाजारातून गठ्ठा येतो, नगावर पैसे मिळतात. कोणत्याही मस्टरवर त्यांचे नाव नसते, त्यामुळे दसऱ्याची जलेबी नाही, बोनस नाही, लाभपांचमीचा पेढा नाही. त्यांची सोबत ओट्यावरची. चौघी-पाचजणी गोल बसून एकच साडी गुडघ्यांवर पसरतात, हात चालू, तोंड चालू. भिशी, भजनी मंडळ, संक्रांतीचे हळदीकुंकू या सगळ्याची मुळे त्या ओट्यात आहेत. राइस यांनी कॅलिको मिलमध्ये जो गट करायला सांगितला तो उधन्यात जर कुठे असेल तर या ओट्यावर.

सहलीचेही दोन प्रकार. शेठच्या खर्चाची सहल अलीकडची: डुमसचा किनारा, सापुतारा, फार तर दमण. गुजरातेत दारूबंदी असल्याने दमणचे आकर्षण समुद्रापुरते नसते, हे सांगायला नको. कामगारांची आपली सहल मात्र पायी. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला, रामनवमीला शिर्डीला सुरतेहून पदयात्री निघतात. पुढे झेंडा, मागे टेम्पोत भांडी आणि अंथरुणे, वाटेत गावोगाव चहा. आठवड्याचा खाडा पडतो, मजुरी बुडते, तरी जाणारा जातो. आल्यावर शेठच्या हातावर प्रसाद ठेवला की रागावणे अवघड होते.

याच सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, हिरे उद्योगात, कर्मचाऱ्याला खूश करण्याची तऱ्हा जगाच्या बातम्यांत गेली. सावजीभाई ढोलकिया यांच्या कंपनीने 2014 च्या दिवाळीत निवडक कर्मचाऱ्यांना 491 मोटारी आणि 207 सदनिका दिल्याचे देशभर छापून आले. हिऱ्यात एका बोटाच्या चुकीने लाखांचे नुकसान होते, घडवणारा हात दुसऱ्या दुकानी गेला तर मालकाचे काळीज जाते. शिवाय मालक आणि कारागीर बहुतेक सौराष्ट्रातल्या एकाच समाजाचे. मागावरचा कारागीर मात्र परप्रांतीय आणि मालकाच्या नजरेत बदलता येण्याजोगा. त्याला मोटार मिळण्याचा प्रश्नच आला नाही. एका शहरात, एकाच दिवाळीला, एका धंद्यात चावी आणि दुसऱ्यात मिठाईचा पुडा.

मागावरची माणसेही बदलली. आज खात्यांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले कारागीर मोठ्या संख्येने आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. वॉटरजेट आणि रॅपिअर माग आले तसे कमी माणसांत जास्त कापड निघू लागले. एका छपराखाली आता चार पंचांगे आहेत: रथयात्रेला एक रांग रिकामी, छटपूजेला दुसरी, आखाजीला तिसरी, 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा वेगळी. मास्टर लोक मुद्दाम सरमिसळ माणसे ठेवतात, म्हणजे कोणत्याच सणाला सगळे माग एकदम थांबत नाहीत. सरमिसळीचा दुसरा फायदाही त्यांना कळतो: चार भाषांची माणसे मजुरी वाढवून मागायला सहज एकत्र येत नाहीत.

खानदेशींची पुढची पिढी मागावर फारशी नाही. कोणी भरतकामाची यंत्रे टाकली, कोणी टेम्पो घेतला, कोणी ठेकेदार झाला, कोणी महापालिकेत निवडून गेला. मंडळांच्या जाळ्याने राजकारणालाही माणसे दिली. उधना-लिंबायतचा पट्टा ज्यात येतो त्या नवसारी मतदारसंघातून 2009 पासून लोकसभेवर जाणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. वस्तीतला गणपती, शिवजयंतीची मिरवणूक, 14 एप्रिलची जयंती यांच्या कमानींवर आता कारखान्यांपेक्षा नेत्यांची नावे मोठी असतात, आणि वर्गणीची पावती बहुतेक ठिकाणी मोबाइलवर फाडली जाते. दसऱ्याची यंत्रपूजा मात्र खात्यात चालूच आहे. आपट्याची पाने आणणारा खानदेशी एखाद-दुसराच उरला असेल तिथे ती ओडिया कारागीर आणतो. शेजारच्या खात्यातून त्याला रिवाज कळलेला असतो.